‘पाळी जाऊ दे, मग बघू’ हे उत्तर पुरेसं नाही

पंचेचाळिशीच्या आसपासची बाई डॉक्टरांसमोर बसते आणि सांगते, की रात्री झोप मोडते, अंगातून गरम वाफा निघतात, छातीत धडधडतं, पाळी कधी तीन आठवड्यांनी येते तर कधी दोन महिने फिरकत नाही, आणि घरात कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. मग जरा चाचरत ती विचारते, यावर हार्मोनचं काही औषध घेता येईल का? तिला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. अजून पाळी येतेय ना? मग पाळी जाऊ दे, मग बघू.

हे उत्तर मला मान्य नाही. पाळी थांबण्याआधीच्या या काळात, म्हणजे पेरिमेनोपॉजमध्ये, प्रत्येकीने हार्मोन घ्यावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. कितीतरी जणींना त्यांची गरज पडत नाही, काहींना ते चालत नाहीत, आणि काहींना त्रास असूनही ते नको असतात. पण ‘थांबा’ हाही वैद्यकीय सल्लाच आहे. औषध द्यायचं झालं तर त्याचे धोके सांगितले जातात, ते सांगायलाच हवेत. न देण्याची किंमत मात्र कुणी मांडून दाखवत नाही, कारण ती किंमत बाई मोजते आणि मुकाट्याने मोजते.

मुळात पाळी जाऊ दे म्हणजे कधी? रजोनिवृत्ती झाली असं म्हणण्यासाठी सलग बारा महिने पाळी आलेली नसावी लागते. म्हणजे ती झाल्याचं कळतं तेच मुळी वर्षभराने. अकरा महिने कोरडे गेले आणि बाराव्या महिन्यात अंगावरून गेलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा सगळा काळ चार वर्षं चालणं अगदी नेहमीचं आहे, काहींचा आठ-दहा वर्षंही चालतो. अमेरिकेत ‘स्वान’ या नावाने ओळखला जाणारा एक अभ्यास आहे. त्यात हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षं, त्यांची पाळी चालू असल्यापासून ती गेल्यानंतरही, विचारपूस होत राहिली. त्यातून २०१५ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांचा वारंवार त्रास होणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना तो ७.४ वर्षांपेक्षा जास्त काळ पुरला. ज्यांना तो पाळी अजून येत असतानाच, अगदी सुरुवातीला जाणवू लागला, त्यांच्यातल्या निम्म्या जणींना तो ११.८ वर्षांहूनही जास्त पुरला. म्हणजे जिचा त्रास सर्वांत लवकर सुरू होतो तिचाच सर्वांत लांबतो, आणि नेमकं तिलाच आपण थांबायला सांगतो.

या उत्तरामागे शरीराविषयीचा एक गैरसमजही आहे. चाळिशीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन थोडं थोडं घटत जातं आणि शेवटी संपतं, मग पाळी चालू आहे तोवर ते पुरेसं असणारच, अशी समजूत असते. घडतं वेगळंच. आधी बीज बाहेर पडणं अनियमित होतं. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला आवर घालणारं दुसरं हार्मोन, जवळपास तयारच होत नाही. गर्भपिशवीचं अस्तर मात्र इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढत राहतं, आणि मग एकदम गाठी पडून अंगावरून जातं. इकडे अंडाशय दाद देत नाही म्हणून मेंदूकडून एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, वाढवलं जातं. त्या दट्ट्याने इस्ट्रोजेन काही दिवस तरुणपणीपेक्षाही वर जातं आणि पुढच्या काही दिवसांत धाडकन खाली येतं. एका आठवड्यात स्तन ठणकतात, पाय जड होतात. दुसऱ्या आठवड्यात घामाने उशी ओली होते. हे दोन्ही एकाच बाईला, एकाच महिन्यात.

म्हणून एका सकाळी काढलेल्या रक्तावरून इथे काहीच ठरत नाही. आज एफएसएच वाढलेलं दिसेल, तीन आठवड्यांनी तेच अगदी नॉर्मल येईल. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ सालीच सांगितलं आहे, की पंचेचाळिशीपुढच्या स्त्रीची लक्षणं आणि पाळीतले बदल ऐकून निदान करावं, त्यासाठी हार्मोनची तपासणी करू नये. तरीही ‘तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असं सांगून बायकांना परत पाठवलं जातं, आणि त्या आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून घरी येतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर बघावं. थायरॉइड बिघडलं तरी धडधड होते, घाम येतो, पाळी पुढेमागे होते. आणि महिनोन्महिने जास्त रक्त गेलं की थकवा रक्त कमी झाल्यामुळेही असतो.

माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे. तिच्यासोबत मी दवाखान्यात गेले होते. शेचाळीस वर्षांची, वर्गात उभी राहिली की पोरं गप्प बसतात अशी. तिने डॉक्टरांना सांगितलं, की मी रोज रात्री तीनच्या सुमाराला उठते, गाऊन बदलते आणि न्हाणीघरातल्या फरशीवर जाऊन बसते, कारण घरात तेवढी एकच जागा गार असते. पुढे म्हणाली, परवा वर्गात एका मुलाला उभं केलं आणि त्याचं नाव आठवेना. दोन वर्षं शिकवलेला मुलगा. हे सांगताना तिचा आवाज कापला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मला आदर आहे. मग विचारलं, पाळी चालू आहे ना? हो म्हटल्यावर म्हणाले, मग हे मेनोपॉजचं नाही, ताणाचं असेल. झोपेची गोळी आणि जीवनसत्त्वं लिहून दिली. तिने हार्मोनचं विचारलं तेव्हा म्हणाले, कशाला, कॅन्सरबिन्सर व्हायचा. कुणाला होतो, किती जणींना होतो, कोणत्या औषधाने होतो, किती वर्षं घेतल्यावर होतो, यातला एकही शब्द नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, आईनेही असंच काढलं असेल ना ग अंगावर.

काढलं असेलच. पण आईने अंगावर काढलं म्हणून लेकीनेही काढावं, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. अनेक वर्षं झोप तुटत राहिली की तिचा परिणाम कामावर, रक्तदाबावर, मनावर होतो. याच काळात नैराश्याची जोखीम वाढते, विशेषतः जिला ते आधी कधी येऊन गेलेलं आहे तिला. हाडांची झीज वेगाने सुरू होते तीही शेवटच्या पाळीच्या सुमारे वर्षभर आधीच. आणि जिची अंडाशयं चाळिशीच्या आधीच थकली किंवा शस्त्रक्रियेत काढावी लागली, तिच्या बाबतीत तर थांबणं सरळ अपायकारक आहे. हाडं आणि हृदय यांच्यासाठी, औषधाला काही वेगळा अडसर नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तिला हार्मोन द्यावेत यावर तज्ज्ञांत एकमत आहे.

आता भीतीकडे वळते. ती हवेतून आलेली नाही, म्हणून तिची थट्टा करणं मला पटत नाही. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन १९४२ साली अमेरिकेत औषध म्हणून बाजारात आलं. साठच्या दशकात त्याची जाहिरात अशी झाली, की जणू बाईचं वय वाढणं हाच रोग आणि ही गोळी त्यावरचा इलाज. मग १९७५ साली दाखवून दिलं गेलं, की गर्भपिशवी असलेल्या स्त्रीने नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो. तेव्हापासून गर्भपिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध हवंच, हा नियम झाला. बायकांना तारुण्याचं आमिष दाखवून अर्धवट तपासलेलं औषध वर्षानुवर्षं दिलं गेलं, हे विसरून चालणार नाही. त्यांनी संशय घ्यावा असंच ते होतं.

मग आला जुलै २००२. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी सरकारी अभ्यासातला एक भाग मुदतीआधी थांबवला गेला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्यांना घोडीच्या मूत्रातलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, निम्म्यांना औषधाविना गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. जगभर बातमी पोचली ती अशी, की हार्मोनने स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. रातोरात बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. डॉक्टरांनी लिहून देणं थांबवलं. त्यानंतर डॉक्टर झालेल्या एका अख्ख्या पिढीला हे औषध द्यायचं कसं हे धड शिकवलंच गेलं नाही, आणि त्याचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत.

त्या २६ टक्क्यांचा अर्थ काय होता? दरवर्षी दहा हजार स्त्रियांमागे औषध न घेणाऱ्यांत ३० जणींना स्तनाचा कर्करोग झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात २१ वरून २९, फुप्फुसात रक्ताची गुठळी ८ वरून १६. खुब्याची हाडं मोडणं १५ वरून १० वर आलं, आतड्याचा कर्करोगही घटला. एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. पुढे अठरा वर्षं पाठपुरावा केल्यावरही पडला नाही, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. आणखी एक गोष्ट तेव्हा मागे राहिली. या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटून गेलेली. पासष्टी-सत्तरीत पहिल्यांदा सुरू केलेल्या गोळीचे हृदयावरचे आणि मेंदूवरचे परिणाम शेचाळिशीच्या बाईला लावणं चूक आहे. उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली आपली भूमिका स्पष्ट केली आहे : साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, गरम वाफांचा त्रास असेल आणि औषधाला काही अडसर नसेल, तर फायद्याचं पारडं जड आहे.

पण इथेच थांबून ‘सगळं खोटं होतं, बिनधास्त घ्या’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. ही भाषा सध्या फार ऐकू येते. जगभरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोज प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध घेतलं, तर पुढच्या वीस वर्षांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण ६.३ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर जातं, असं त्यात निघालं. म्हणजे अशा पन्नास जणींमागे एक जास्तीची. प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध महिन्यातले काही दिवसच घेतलं तर सत्तर जणींमागे एक, आणि गर्भपिशवी काढलेली असल्यामुळे नुसतं इस्ट्रोजेन घेता आलं तर दोनशे जणींमागे एक. नुसत्या इस्ट्रोजेनबद्दल ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’चा निष्कर्ष उलट आहे, तिथे स्तनाचा कर्करोग कमीच झाला. हा मतभेद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही औषधं एकत्र, बरीच वर्षं, म्हणजे जोखीम वाढते, यात शंका घ्यायला जागा नाही.

पन्नासात एक ही जोखीम मोठी की लहान? याचं उत्तर कुठलाही तक्ता देऊ शकत नाही. जिच्या आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झालेला तिने पाहिला, तिला हा आकडा एका तऱ्हेने ऐकू येईल. जी दोन वर्षं सलग चार तास झोपलेली नाही तिला दुसऱ्या तऱ्हेने. दोघींचे निर्णय वेगळे पडतील आणि दोघींचेही बरोबर असतील. माझा राग आहे तो आकडा न सांगताच निर्णय उरकून टाकण्यावर.

पेरिमेनोपॉजच्या बाबतीत एक अडचण खरोखरच आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. मोठे अभ्यास झाले ते प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांवर. ज्यांची पाळी अजून चालू आहे, ज्यांचं स्वतःचं इस्ट्रोजेन वरखाली होतंय, त्यांच्यात बाहेरून दिलेलं इस्ट्रोजेन नेमकं कसं वागतं याचा पुरावा पातळ आहे. अंडाशयाची लाट वर असते त्या आठवड्यात कातडीवर चिकटवायच्या पॅचमधलं इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. स्तन दुखतात, डोकं दुखतं, मधेच डाग पडतात. म्हणून इथे औषध जुळवून घ्यायला वेळ लागतो. पाळी गेलेल्या बाईला देतात तशी सलग पद्धत सहसा न देता प्रोजेस्टेरॉन महिन्यातले ठरावीक दिवस देतात, म्हणजे रक्तस्राव त्यातल्या त्यात ठरलेल्या वेळी होतो. ‘पाळी जाऊ दे’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मनात हे असेल, तर ते कारण मला समजतं. पण मग तेच बाईला सांगावं. पुरावा कमी आहे, औषध जुळायला दोन-चार महिने लागतील, तरी करून बघायचं का, असं तिला विचारता येतं.

करून बघायचं म्हणजे काय, हेही फार कमी जणींना माहीत असतं. हार्मोन म्हटलं की जन्माला चिकटणारी गोळी असं वाटतं. आज अनेक ठिकाणी मिळतो तो पॅच, म्हणजे एक पातळ, पारदर्शक चौकोन. कमरेखाली चिकटवायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा. किंवा दंडावर, मांडीवर चोळायचं जेल. त्यातलं इस्ट्रॅडिऑल हे अंडाशयात तयार होणारंच रसायन. ते त्वचेतून सरळ रक्तात जातं. तोंडाने घेतलेल्या गोळीसारखं आधी यकृतातून जात नाही. म्हणून निरीक्षणात्मक अभ्यासांत त्याने रक्ताच्या गुठळ्या वाढल्याचं दिसलेलं नाही. सोबत झोपताना मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेल्या, प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. तिने थोडी गुंगी येते, म्हणून रात्रीच घ्यायची. ज्यांचं अंगावरून फार जातं त्यांच्यासाठी गर्भपिशवीत बसवायचं, लिव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध सोडणारं साधन आहे. मिरेना या नावाने ते पुष्कळ जणींना ठाऊक असतं. ते रक्तस्राव आटोक्यात आणतं, अस्तराचं रक्षण करतं आणि गर्भ राहू देत नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पाळी अनियमित झाली म्हणून दिवस राहत नाहीत असं नाही, आणि पॅच किंवा जेल म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर पुढे दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते. धूम्रपान न करणाऱ्या, रक्तदाब ठीक असलेल्या, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन डोकं दुखण्याचा इतिहास नसलेल्या बाईला पन्नाशीपर्यंत कमी मात्रेची संततिनियमनाची गोळीही चालू शकते. तिने पाळी आणि गरम वाफा दोन्ही ताळ्यावर येतात.

हे औषध तीन महिने घेऊन बघता येतं आणि नाही मानवलं तर थांबवता येतं. माझ्या दृष्टीने सगळ्या चर्चेत हा मुद्दा निर्णायक आहे. वर सांगितलेल्या २०१९ च्या मांडणीतच दिसतं, की एक वर्षापेक्षा कमी काळ औषध घेऊन थांबवलेल्यांत पुढे फारशी जास्तीची जोखीम उरत नाही. ती वाढते वर्षांगणिक. मग पाच-दहा वर्षांची भीती दाखवून तीन महिन्यांच्या प्रयोगाला नकार का द्यायचा? गरम वाफांवर इतकं परिणामकारक दुसरं औषध नाही. औषधाविना गोळीच्या तुलनेत त्यांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटते. तीन महिन्यांत तिला कळेल, की तीन वाजताची जाग थांबली का, वर्गात नावं आठवतात का, जगणं सुसह्य झालं का. झालं असेल तर पुढे दरवर्षी बसून पुन्हा ठरवायचं. नसेल झालं, तर सोडून द्यायचं आणि दुसरं काही शोधायचं.

दुसरं आहेच. मन आणि वर्तन यांवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी झोपेला आणि गरम वाफांच्या त्रासाला उतार देते. नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफांवर चालतात. मेंदूच्या तळाशी तापमान सांभाळणाऱ्या पेशी इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की उसळतात, हे कळल्यावर नेमक्या त्याच जागी काम करणारं, हार्मोन नसलेलं फेझोलिनेटंट नावाचं औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय तिच्यासाठी असे पर्याय फार मोलाचे आहेत, कारण तिला हार्मोन सहसा देत नाहीत. नुकता हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेलेली, यकृताचा आजार चालू असलेली, यांच्याही बाबतीत तेच. आणि विनाकारण रक्तस्राव होत असेल, तर आधी त्याचं कारण शोधायचं, मग बाकीचं. पंचेचाळिशीनंतरचा वेडावाकडा रक्तस्राव वयाच्या नावावर खपवून अस्तर न तपासणं, हा मला हार्मोन देण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका वाटतो.

दुसऱ्या टोकाला आहे तो उत्साह. हार्मोनने स्मरणशक्ती टिकते, त्वचा तुकतुकीत राहते, वजन उतरतं, हृदय शाबूत राहतं, असे दावे करणारे वाढले आहेत. कातडीखाली पुरायच्या गोळ्या, ‘खास तुमच्यासाठी’ बनवलेली मिश्रणं विकली जातात, ज्यांच्या मात्रेची धड खात्री नसते. पुढे आजार होऊ नयेत म्हणून, त्रास नसताना हार्मोन घेऊ नयेत, असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या सल्लागार गटाने २०२२ साली पुन्हा बजावलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. गरम वाफांच्या चाचण्यांत औषधाविना गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफाही निम्म्याहून अधिक कमी झालेल्या आढळतात. त्यामुळे एखाद्या कॅप्सूलने ‘मला पंधरा दिवसांत फरक पडला’ असं कुणी मनापासून सांगितलं, तरी त्यावरून ती कॅप्सूल खरी ठरत नाही.

अमेरिकेच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की या औषधांवरच्या चौकटीतल्या ठळक इशाऱ्यातून हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांचे उल्लेख काढले जातील. योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमावरचा इशारा जायलाच हवा होता. ते रक्तात नाममात्र उतरतं, आणि कोरडेपणा, आग, पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग यांवर त्याने बायकांना केवढा आराम पडतो. तो इशारा वाचून किती जणींनी ते न उघडताच कपाटात ठेवलं असेल. बाकीच्या औषधांबाबत मला थोडी धास्ती वाटते. वीस वर्षं भीतीने निर्णय घेतले गेले, आता फॅशनने घेतले जातील. दोन्ही वेळा समोरच्या बाईला कुणी काही विचारलेलं नसेल.

तिला विचारायला वेळ लागतो, आणि वेळच दिला जात नाही. पाळी कशी आहे, झोप कशी आहे, सर्वांत जास्त काय छळतं, घरात कुणाला कोणता कर्करोग, गुठळी, झटका, रक्तदाब किती, मूल नको असेल तर काय वापरता, औषध घ्यायची मनाची तयारी आहे का, कशाची भीती वाटते : एवढं बोलायला वीस मिनिटं पुरतात. प्रसूतिशास्त्राचा अभ्यासक्रम गर्भारपणावर वर्षं घालवतो. प्रत्येक बाईच्या वाट्याला येणाऱ्या या काळावर त्यात काही तास तरी गांभीर्याने खर्च व्हावेत, आणि कुटुंबाच्या डॉक्टरांनाही हे शिकवलं जावं, कारण बाई आधी त्यांच्याकडेच जाते. घरातल्यांनीही ‘तुला हल्ली झालंय काय’ असं विचारण्याआधी ती रात्री किती वेळा उठते हे बघावं.

आणि अभ्यास व्हावेत, पाळी चालू असलेल्या स्त्रियांवरच. पॅच आणि प्रोजेस्टेरॉन एका गटाला, औषधाविना पॅच आणि कॅप्सूल दुसऱ्या गटाला. मोजायचं ते झोप, मन, रक्तस्राव आणि कामावरची हजेरी, आणि मग दहा-पंधरा वर्षं त्यांची विचारपूस करत राहायचं. यासाठी सार्वजनिक पैसा लागतो, कारण जुनी, स्वस्त औषधं तपासण्यात कंपन्यांना रस नसतो. तो पैसा मागण्याचा हक्क त्या प्रत्येक बाईला आहे जिला आज पुरावा नाही म्हणून परत पाठवलं जातंय.